आत्याच्या डोळ्यांची फाईल

त्याचं खरं नाव काय, हे आता त्याच्या बायकोलाही थोडं थांबून सांगावं लागे. गल्लीत, बाजारात, कचेरीत सगळे त्याला आटवे म्हणत. दूध आटवावं तशा हा माणूस फायली आटवतो, म्हणून आटवे. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि एके दिवशी विजेचं बिलच ‘श्री. आटवे’ या नावाने आलं, तेव्हा त्यानेही ते निमूटपणे पदरात घेतलं. आईबाप देतात ते नाव एक, लोक देतात ते दुसरं, आणि जन्मभर हाकेला ओ द्यावी लागते ती लोकांनी दिलेल्यालाच.

त्याचं दुकान जिन्याखाली होतं. उभं राहिलं तर डोकं आपटायचं, म्हणून गिऱ्हाईक आल्या आल्या बसायचं. अर्ध्या दुकानात त्याचा संगणक आणि स्कॅनर, अर्ध्यात बायकोचं शिवणयंत्र. नवरा कागद लहान करायचा, बायको कपडे. फरक एवढाच, की बायको कपडे उसवून मोठेही करून द्यायची. नवऱ्याला ती कला येत नव्हती आणि तिची गरज कधी पडेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

फायली लहान करायची वेळ लोकांवर आली ती अशी. सगळे अर्ज संगणकावरून करायचे असं ठरलं. रांग नको, हेलपाटे नकोत, घरबसल्या कागदांची पीडीएफ जोडायची की झालं. फक्त ती पीडीएफ शंभर केबीच्या आत हवी. शंभर केबी म्हणजे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपला कागद त्याच्याहून मोठा आहे एवढं मात्र प्रत्येकाला कळलं, कारण पडद्यावर लाल अक्षरांत तसं येई. लोक मोबाईलवर कागदाचा फोटो काढत. त्यात कागदासोबत टेबल येई, टेबलावरचा कप येई, कपामागे ‘नीट धर गं’ म्हणणाऱ्या सासूबाईंचा अंगठा येई. मग ती फाईल शंभर केबीत बसणार कशी? हत्तीला म्हणावं, बाबा, मांजराच्या दारातून ये.

आटवे आधी घरसामान हलवणाऱ्या गाडीवर कामाला होता. अख्खा संसार एका टेम्पोत बसवायचा, कपाटात गाद्या, गाद्यांत भांडी, भांड्यांत मीठमिरचीच्या बरण्या, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिथेच त्याचं एक मत तयार झालं होतं, की जगात कुठलीच वस्तू मोठी नसते, तिच्यात हवा असते. हवा काढा, वस्तू बसते. कंबर धरली तेव्हा गाडी सुटली, पण मत सुटलं नाही, आणि तेच त्याने कागदांना लावलं.

आता फाईल लहान करायचं बटण संगणकात असतंच. ते त्याच्याकडेही होतं. पण ते दाबून फाईल निम्म्यावर यायची, शंभरात नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबलं तर अक्षरंच विरघळायची. उरलेलं काम आटवे कागद स्कॅनरवर ठेवायच्या आधी करी. कागदाला घडी पडली असेल तर बायकोच्या इस्त्रीने तो कडक करून घेई, कारण घडीच्या सावलीलासुद्धा वजन असतं. चहाचा डाग असेल तर खडू घासून पांढरा करी, कारण डाग म्हणजे तर निव्वळ चरबी. पिवळा पडलेला जुना दाखला असेल तर नवा काढून आणायला लावी. यात खोटं काहीच नव्हतं, डागाळलेल्या कागदाची फाईल खरंच फुगते. पण माणसाला एकदा यश लागलं की तो थांबेल तर शपथ.

दाखल्यांवरून आटवेचं लक्ष माणसांवर गेलं. अर्जावर फोटो असतो, आणि फोटोत चेहरा असतो. चौकटीचा सदरा घातलेल्या माणसाचा फोटो साध्या सदऱ्याच्या दुप्पट भरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. दाढीवाल्याचा त्याहून जास्त. एकेक केस वेगळा मोजला जातो, असं तो गिऱ्हाइकाला समजावून सांगे आणि शेजारच्या न्हाव्याकडे पाठवी. न्हावी खूश. तो म्हणायचा, आजवर लोक सासुरवाडीला जाताना दाढी करायचे, आता पाणीपट्टी भरताना करतात.

हळूहळू गावाला वळण लागलं. लोक साधे पांढरे कपडे घालू लागले, कारण कधी कुठला फोटो द्यावा लागेल सांगता येत नाही. दवाखान्यातला डॉक्टर दाखल्यावर ‘ताप’ एवढंच लिहून देई. सह्यांच्या शेपट्या गळाल्या. नगरसभेचा वृत्तान्त पूर्वी पानंच्या पानं असायचा, तो ‘सभा झाली’ या दोन शब्दांवर आला, आणि जाणकार म्हणाले की वाचणाऱ्याचं काही नुकसान झालेलं नाही. मुलांची नावं दोन अक्षरांच्या वर जाईनात. परगावी शिकणाऱ्या एका मुलीने आईला पत्र लिहिलं, ‘बरी आहे’, तेव्हा ती माउली कागद उलटासुलटा करून उरलेलं पत्र शोधत बसली. देवाची प्रार्थना तेवढी कुणी आखूड केली नाही. तेवढी बुद्धी त्यानेच शाबूत ठेवली म्हणायची.

बायको एकदा म्हणाली, “अहो, तुमच्यापायी माझ्याकडे रंगीत कापड येईनासं झालंय. सगळं गाव इस्पितळातून पळून आल्यासारखं दिसतं.”

आटवे म्हणाला, “बसतंय ना शंभरात?” आणि विषय मिटला. त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, एक बसणारी आणि दुसरी न बसणारी.

दुकानात तिसरं माणूस होतं ते त्याची आत्या. आटवेची आई तो रांगता असतानाच देवाघरी गेली, आणि आत्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. स्वतःचा संसार तिने मांडलाच नाही. आता ती शिवणयंत्र आणि संगणक यांच्यामध्ये एका स्टुलावर बसून चाचपडत बटणं लावायची. चाचपडत, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणसं ती खोकल्यावरून आणि चपलांच्या आवाजावरून ओळखायची. गिऱ्हाईक आत आलं की आधी तीच बोले, “ये हो. डावी चप्पल झिजलीय तुझी. काय आटवायचंय?”

मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. ते सरळ बोलणारे होते. म्हणाले की हा मोतीबिंदू पिकायच्याही पुढे गेलाय, आत फुटला तर मग कुणाच्याच हातात काही उरणार नाही. ऑपरेशन सरकारी योजनेतून होईल, पण आधी मंजुरी आणा, आणि थंडी पडायच्या आत आणा. त्यानंतर मी जबाबदारी घेणार नाही.

आत्या म्हणाली, “जबाबदारी देवाची आहे, डॉक्टर. तुम्ही फक्त सुरी नीट धरा.”

तर असं होतं. थंडी यायला फार दिवस नव्हते. सकाळी नळाचं पाणी हाताला लागायला लागलं होतं. आणि मंजुरी म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे पीडीएफ. आटवेला वाटलं, देवाने आपल्याला हा धंदा दिला तो याच कामासाठी. ज्या बाईने आपल्याला मोठं केलं, तिच्या फाईलसाठी तो अशी काही कारागिरी करणार होता की कचेरीतल्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत.

सगळे दाखले इस्त्री झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा शिक्का पुसट होता तो त्याला देवाची कृपाच वाटला. मग फोटो. आत्याच्या मागे पांढरी चादर ताणली, खांद्यावर पांढरी शाल दिली. तरी फोटो भरला तो भरलाच. आटवेने पडद्यावर मोठा करून पाहिला. सुरकुत्या होत्या. कपाळावर, डोळ्यांखाली, ओठांभोवती, आणि एकेका सुरकुतीला आणखी बारीक फाटे.

तो म्हणाला, “आत्या, गाल फुगवून धर जरा.”

“का रे?”

“चेहरा गुळगुळीत येतो. वजन कमी होतं.”

“सगळ्या गावाला हवा काढा म्हणतोस,” आत्या म्हणाली, “आणि माझ्या तोंडात भरतोस?”

पण तिने गाल फुगवले. लेकराचा हट्ट तिने कधी मोडला नव्हता. फोटो असा आला की पांढऱ्यावर पांढरं, मध्ये एक राखाडी गोळा. आटवेने तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती म्हणाली, अगदी हुबेहूब, मला सगळी माणसं अशीच दिसतात.

अर्जाचा मजकूर तिने सांगितला होता तो पानभर होता. केव्हापासून दिसेनासं झालं, प्रार्थनेचं पुस्तक कसं मिटून ठेवावं लागलं, सुईत दोरा ओवताना सूनबाईला हाक मारायची लाज कशी वाटते. आटवेने तो वाचला, त्यातली हवा काढली आणि लिहिलं, ‘डोळे. दिसत नाही.’ सगळं मिळून सहा केबी झाले. त्याने बायकोला बोलावून आकडा दाखवला, जसा कुणी मुलाचा पहिला नंबर दाखवावा. मग देवाचं नाव घेऊन फाईल पाठवली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘फाईल फार लहान आहे.’

आटवेने डोळे चोळले. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. फार लहान! हे म्हणजे, ताई, तुमचं लेकरू फारच गुणी आहे, शाळेत घेता येत नाही, असं म्हणण्यासारखं झालं. त्याने कचेरीत फोन लावला तेव्हा उलगडा झाला. या गावाकडून येणाऱ्या फायली उघडल्या की पांढऱ्यावर राखाडी डाग दिसतात. ते निरखून निरखून कचेरीतल्या लोकांनाच चष्मे लागले. तेव्हा वरून नवा नियम आला, की फाईल शंभराच्या आत तर हवीच, पण नव्वदच्या खालीही नको.

म्हणजे ज्याने जन्मभर हत्तीचं मांजर केलं, त्याने आता मांजराचा हत्ती करायचा, तोही नेमका दारात बसेल एवढा. लहान कसं करायचं हे त्याला हजार तऱ्हांनी येत होतं. मोठं करायची एक तऱ्हा येत नव्हती.

आधी त्याने कोरी पानं जोडली. कोऱ्या पानाला वजन नसतं, फाईल जागची हलली नाही. मग त्याने आत्याला म्हटलं की तो पानभर मजकूर पुन्हा सांग, सगळा घालतो.

“एकदा सांगितला तो तू खाल्लास,” आत्या म्हणाली. “आता काही सांगायचं उरलं नाही.” ती रागावली नव्हती. पण त्या दिवशी तिने बटणं लावली नाहीत, हात मांडीवर ठेवून बसली, आणि आटवेला ते जास्त लागलं. त्याने आपल्या मनाने दोन पानं मजकूर लिहिला, तर त्याने जेमतेम दोन-चार केबी वाढले. अक्षरांना फार वजन नसतं हे त्याला नव्याने कळलं. म्हणजे आजवर लोकांची वाक्यं कापली ती उगाचच? या विचाराला त्याने लगेच पाठ दाखवली.

बातमी गावात गेली, आणि गाव मदतीला धावलं. कुणी घडी पडलेले कागद आणून दिले, कुणी चहाचा डाग पाडून द्यायला कप घेऊनच आलं. न्हावी मूठभर केस पुडीत बांधून घेऊन आला. म्हणाला की तुझ्यामुळेच जमलेत, तुझ्याच कामी येऊ देत. आटवेने ते स्कॅनरच्या काचेवर भुरभुरले. फाईल एकदम चारशेवर गेली. त्यातले निम्मे केस फुंकून उडवले तर स्कॅनरला जणू पडसं झालं, आणि तो घरघरत बंद पडला. तो पुसून पुन्हा सुरू केला आणि डाळ पसरून पाहिली, तर पन्नासच भरले. डाळीत तांदूळ मिसळले, तर एकशे वीस. आटवे दाणा दाणा उचलत बसला. कुणीतरी शिंकलं आणि पुन्हा सगळं विस्कटलं.

बाहेर लोक आता कानटोप्या शोधू लागले होते. डॉक्टरांच्या इस्पितळातून निरोप आला, मंजुरीचं काय झालं?

शेवटी बायको यंत्रावरून उठली. म्हणाली, “अहो, सरका बाजूला.” पेटीच्या तळाशी तिने एक फुलाफुलांचं कापड जपून ठेवलं होतं, रंगीत कापडं येत होती त्या काळातलं. लाल फुलं, पिवळी फुलं, मध्ये हिरवी पानं, पानांवरसुद्धा शिरा. ते तिने काचेवर पसरलं. फाईल दोनशेवर गेली. तिने कापड उचललं, कात्रीने एक पट्टी कापली, पुन्हा ठेवलं. एकशे साठ. आणखी एक पट्टी. माप घेऊन ब्लाउज बेतावा तशी ती कापत गेली आणि आकडा उतरत गेला. शहाण्णववर आला तेव्हा तिने कात्री ठेवली. म्हणाली, “पाठवा. हलवू नका.”

फाईल गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. आटवेने दोन्ही हात जोडले, ते देवाला की बायकोला, हे त्याचं त्यालाच माहीत.

पण सुख एवढ्या सहज लाभतं तर माणसाने देवाची आठवण कशाला काढली असती? आठवड्याच्या आत कचेरीतून बोलावणं आलं. अर्जदाराने समक्ष यावं, पान चारबाबत खुलासा हवा आहे. पान चार म्हणजे कापड. आता खरं सांगावं तर आपणच सरकारला फुलं घालून फसवलं असं होणार, अर्ज फेटाळला जाणार, आणि दुसरा करेपर्यंत थंडी उंबऱ्यात येऊन बसणार. खोटं सांगावं तर आत्या शेजारी बसलेली. तिच्यासमोर खोटं बोलायचं धाडस त्याने लहानपणीही केलं नव्हतं. तिला दिसत होतं तेव्हा नाही, आणि दिसत नव्हतं तेव्हा तर त्याहून नाही.

पडताळणीच्या बाई चाळिशीच्या, टेबलावर चष्म्याचे दोन जोड ठेवलेल्या. त्यांनी पान चार उघडलं. सगळा पडदा फुलून आला.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

आटवेने घरून मोठं भाषण पाठ करून आणलं होतं. पण इतकी वर्षं वाक्यं कापून कापून जिभेलाही तीच सवय झाली होती.

“कापड,” तो म्हणाला.

“कापड का?”

“वजन.”

“कुणाचं वजन?”

“फाईलचं.”

बाईंनी पहिला चष्मा काढून दुसरा लावला. मग आटवेचा नाद सोडून त्यांनी पडदाच आत्याकडे फिरवला. म्हणाल्या, “आजी, तुम्ही सांगा. तुमच्या अर्जात हे काय जोडलंय?”

आत्या पुढे झुकली. पडद्याच्या उजेडाने तिचा चेहरा लालपिवळा झाला. तिने बराच वेळ पाहिलं.

“मला नाही गं दिसत,” ती म्हणाली. “काय आहे?”

“फुलं आहेत.”

“फुलं आहेत?” आत्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “इतक्या जवळून मला फुलंसुद्धा दिसत नाहीत, तर अजून कसला खुलासा हवा, बाई? त्यासाठीच तर आलेय.”

बाईंनी पडदा परत आपल्याकडे फिरवला. त्यांच्यासमोर एक चौकोन रिकामा होता, पान चारचं प्रयोजन. त्यात काहीतरी लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘दृष्टिचाचणी. रुग्णास फुले दिसत नाहीत. खात्री केली.’ आणि बटण दाबलं.

बाहेर आल्यावर आटवे कचेरीच्या पायरीवरच बसला. आत्या म्हणाली की चांगली बाई होती, पण तिच्या उजव्या चपलेचा खिळा वर आलाय, कुणीतरी सांगायला हवं.

पुढे त्याच कचेरीने परिपत्रक काढलं, की डोळ्यांच्या प्रत्येक अर्जासोबत फुलाफुलांच्या कापडाचं पान जोडणं बंधनकारक आहे. आटवेच्या बायकोच्या चिंध्या हातोहात संपल्या. पण ते नंतरचं.

मंजुरीचं पत्र पीडीएफमध्येच आलं. कचेरीने ते स्वतः मोबाईलवर टिपलं होतं, आणि सरकारला कोण सांगणार की लहान कर? रंगीत शिक्का, शिक्क्याखाली दुसरा शिक्का, आणि पत्रामागे पडताळणीच्या बाईंचं टेबल, वर चष्म्याचे दोन जोड. फाईल चाळीस एमबीची. आटवेच्या संगणकाने ती उघडायला घेतली आणि मान टाकली. काही केल्या उघडेना. आत काय लिहिलंय ते कुणालाच कळेना. इस्पितळात विचारलं तर ते म्हणाले की आम्हाला तसंही ते शंभर केबीच्या आतच लागतं, लहान करून पाठवा.

हे मात्र आटवेला येत होतं. न उघडता त्याने फाईल बटणाखाली धरली. एकदा दाबलं, निम्मी झाली. पुन्हा दाबलं. आणखी. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तो आत न बघता दाबत गेला, आणि फाईल शंभरात आली तेव्हा उघडून पाहिली. बाईंचं टेबल गेलं होतं, शिक्के गेले होते, अटी आणि कलमं मुंग्यांच्या रांगा होऊन निघून गेली होती. मधोमध ठळक अक्षरांत लिहिलेला तेवढा एकच शब्द वाचता येत होता. ‘मंजूर.’

इस्पितळात डॉक्टरांनी ते पत्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पडद्यावर मोठं करून पाहिलं. मोठं केलं की मुंग्या मोठ्या होत, वाचता येत नव्हत्या. ते म्हणाले की योजनेत एका वेळी एकच डोळा मंजूर होतो. कुठला, ते पत्रात लिहिलेलं असतं, पण इथे तर काही दिसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का, उजवा की डावा?

आटवेला ठाऊक नव्हतं. ते त्याच्याच बोटाखाली विरघळून गेलं होतं. त्याने आत्याकडे पाहिलं. आता पत्र परत जाणार, नवं येणार, आणि बाहेर खिडकीच्या काचांवर सकाळचं धुकं धरायला लागलेलं.

आत्या म्हणाली, “मंजूर लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“दुसरं काही लिहिलंय?”

“दिसत नाही.”

“मग न दिसणाऱ्यावर तुम्ही कशाला अडता? ते काम माझं.” ती खुर्चीत सरळ बसली. “दोन्ही डोळे देवाने एकाच दिवशी दिले. त्यांच्यात भांडण लावायचा कागद मला तरी वाचता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पत्रावरच्या त्या एका शब्दाकडे पाहिलं, आत्याच्या एका डोळ्यात उजेड पाडला, मग दुसऱ्यात. दोन्ही सारखेच पिकले होते. त्यांनी नोंदीत लिहिलं, ‘मंजुरीनुसार’, आणि एक डोळा त्या आठवड्यात उघडला, दुसरा त्याच्या पुढच्या. दुसऱ्या पट्टीच्या दिवशी गावात पहिली कडाक्याची थंडी पडली.

पट्टी निघाली तेव्हा आत्याने आधी सूनबाईकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग आटवेकडे. त्याला बराच वेळ पाहत राहिली.

“केवढा झालास रे,” ती म्हणाली. “आणि केस कुठे गेले सगळे?”

आटवेने टकलावरून हात फिरवला. मधली न पाहिलेली वर्षं काही त्याच्याकडून आटवली जाण्यासारखी नव्हती.

आता योजनेचा शेवटचा कागद तेवढा राहिला. ऑपरेशन झाल्याचा पुरावा म्हणून रुग्णाचा उघड्या डोळ्यांचा फोटो, पीडीएफमध्ये, शंभर केबीच्या आत. आटवेने दुकानात पांढरी चादर ताणली. आत्या म्हणाली की ती काढ आधी, मागचं काहीतरी दिसू दे, इतकी वर्षं पांढरंच पाहतेय. मग फोटोत मागे शिवणयंत्र आलं, त्यावर लटकणारे दोरे आले, बायकोचा कोपर आला, दारात डोकावणारा न्हावी आला. पुढे आत्या, गाल न फुगवता. दोन डोळे लख्ख, आणि भोवती प्रत्येक सुरकुती आपापल्या फाट्यांसकट.

आटवेने तो पडद्यावर मोठा करून पाहिला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. बोट बटणावर नेलं. सवयीचं बोट, ते आपोआपच गेलं. शेजारी आत्या स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत होती, पहिल्या खेपेला जमला म्हणून पुन्हा काढून पुन्हा ओवत होती.

त्याने बोट काढून घेतलं आणि फोटो होता तसाच पाठवला. लाल अक्षरं आली, ‘फाईल मोठी आहे.’

“आहेच,” आटवे म्हणाला, आणि संगणक बंद करून चहा सांगायला उठला.

त्यामुळे सरकारदरबारी आत्याचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. दर महिन्याला कचेरीतून स्मरणपत्र येतं, की आपणास दिसत नसल्याची नोंद आमच्याकडे कायम आहे, तरी पुरावा त्वरित सादर करावा. पत्र आलं की आत्या चष्मा लावते, दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना गप्प करते, आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचून दाखवते. एक अक्षर गाळत नाही.